कागद गेला, शाई राहिली



या व्यासपीठावरून आजवर मोठमोठ्या विषयांवर बोललं गेलं आहे. मी एक हातानं करायची गोष्ट घेऊन आले आहे. छापलेलं चित्र किंवा फोटो एका कागदावरून उचलून दुसऱ्या कागदावर, कापडावर, लाकडावर कसा उतरवतात आणि उतरवताना त्या चित्राचं काय होतं, हा आजचा विषय. ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी जमतो ते सर चित्रकलेचे शिक्षक होते. कलेबद्दल बोलायचं तर आधी वस्तू कशाची आहे, ती कशानं चिकटते आणि कशानं सुटते ते सांगा, भावना मागाहून येऊ द्या, असा त्यांचा आग्रह असे. मीही तोच क्रम ठेवणार आहे.

सध्या आर्ट जर्नलची हौस चांगलीच वाढली आहे. चित्र, लिखाण, कात्रणं, प्रवासाची तिकिटं, कापडाचे तुकडे अशा सगळ्यांना एका वहीत नांदवायचं. ठिकठिकाणी कार्यशाळा होतात. त्यांना शाळकरी मुली येतात, निवृत्त झालेले बँक कर्मचारीही येतात. या वह्यांमध्ये असं उतरवलेलं चित्र, म्हणजे इमेज ट्रान्स्फर, हमखास असतं. मला याचा आनंदच आहे. खटकतं ते एवढंच, की ट्रान्स्फरकडे बहुतेक वेळा ‘लूक’ म्हणून पाहिलं जातं. फोटो जरा झिजलेला दिसावा, कडा उडालेल्या दिसाव्यात, एवढ्यासाठी तो केला जातो. तेवढंच हवं असेल तर मोबाइलमधल्या फिल्टरनं काम भागतं. इतकी खटपट कशाला?

झेरॉक्स काढली की मूळ कागद जसाच्या तसा हातात परत येतो. स्कॅन केलं तरी तेच. ट्रान्स्फरमध्ये तो परत येत नाही. त्याच्यावरचं द्रव्य दुसरीकडे गेलेलं असतं आणि आपल्या बोटांना चिकटलेला असतो भिजलेला लगदा. एक प्रत खर्ची घालून दुसरं चित्र मिळतं, या कलेचं मर्म मला इथे दिसतं. म्हणून हे काम करणाऱ्यानं प्रत्येक वेळी दोन प्रश्न विचारावेत असं मला वाटतं: हे चित्र खर्ची घालण्याइतकं मला हवं आहे का? आणि ते खर्ची घालण्याचा मला अधिकार आहे का?

ही रीत आजची नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये एक कला रूढ झाली. तांब्याच्या पत्र्यावरून छापलेलं, दाट काळ्या छटांचं मेझोटिंट चित्र घ्यायचं, पाण्यात भिजवायचं आणि अर्धवट सुकवायचं. काचेवर व्हेनिस टर्पेंटाइनचा, म्हणजे लार्च झाडाच्या चिकट राळेचा, थर द्यायचा. त्यावर ते चित्र पालथं दाबून बसवायचं. थर धरला की कागदाची पाठ ओली करून बोटांनी हळूहळू चोळायची. कागद निघून जातो, काचेला शाई आणि तंतूंचा अगदी पातळ पडदा तेवढा चिकटून राहतो. मग मागून तैलरंग भरायचे. काच उलटवली की समोरून रंगीत चित्र. आपल्याकडे उत्तर पेशवाईत काचेवर मागून रंगवलेली चित्रं लोकप्रिय झाली. त्यांत रेषेपासून रंगापर्यंत सगळं चित्रकाराच्या हातचं असे. इंग्लंडच्या या प्रकारात रेषा छापाची आणि रंग हाताचा. आज आपण ॲक्रिलिक मीडियम, म्हणजे रंग न घातलेला ॲक्रिलिकचा चिकट द्राव, वापरून जे करतो त्यात चित्र उतरवण्याच्या मुख्य पायऱ्या याच आहेत. राळेच्या जागी बाटलीतलं मीडियम आलं, मेझोटिंटच्या जागी लेझर प्रिंट आली, हा मुख्य फरक.

लेझर प्रिंट किंवा झेरॉक्स हा आजच्या ट्रान्स्फरचा कणा आहे. त्याचं कारण टोनर. टोनर ही शाई नसते. ती प्लास्टिकची अत्यंत बारीक पूड असते आणि काळ्या टोनरमध्ये काजळीचा कार्बन मिसळलेला असतो. उष्णतेनं ती वितळते आणि कागदाच्या पृष्ठभागावर बसते, आत मुरत नाही. वर बसलेली असल्यामुळेच ती उचलता येते. चेस्टर कार्लसन यांनी २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या ॲस्टोरिया भागात कोरड्या पुडीनं प्रत काढण्याचा प्रयोग पहिल्यांदा यशस्वी केला. ओटो कोर्नेई हे त्यांचे मदतनीस होते. गंधकाचा थर दिलेला जस्ताचा पत्रा त्यांनी रुमालानं घासून विद्युतभारित केला. काचपट्टीवर शाईनं तारीख आणि जागेचं नाव लिहून ती पत्र्यावर ठेवली आणि वरून दिव्याचा प्रकाश टाकला. प्रकाश पडला तिथला भार गेला, अक्षरांखालचा राहिला. मग त्यावर लायकोपोडियम वनस्पतीच्या बीजाणूंची पूड भुरभुरली. जादा पूड फुंकून टाकली तेव्हा अक्षरं उमटलेली होती. शेवटची पायरी आपल्या कामाची: त्यांनी मेणाचा कागद त्या पुडीवर दाबला आणि तापवला, तशी अक्षरं मेणात रुतून कागदावर आली. जगातली पहिली झेरॉक्स ट्रान्स्फरनंच निघाली. आजच्या यंत्रातही टोनर आधी ड्रमवर येतो, मग कागदावर जातो, मग उष्णतेनं पक्का होतो. आपण त्याला आणखी एका जागी हलवतो.

आता प्रत्यक्ष कृती. ही मी जरा सावकाश सांगणार आहे, कारण बिघडतं ते इथेच.

फोटोची लेझर प्रिंट किंवा झेरॉक्स घ्या. कागद साधा, पातळ. घरच्या इंकजेट प्रिंटरची प्रत या पद्धतीला चालत नाही, कारण त्यातली बरीचशी शाई पाण्यात फुटते आणि आपलं पुढचं सगळं काम पाण्याचं आहे. फोटोत अक्षरं असतील, पाटी असेल, किंवा नऊवारीतल्या बाईचा पदर ज्या खांद्यावर आहे त्याच खांद्यावर दिसायला हवा असेल, तर प्रत आरशातल्यासारखी उलटवून काढून आणा. दुकानदाराला ‘मिरर’ म्हटलं की कळतं. कात्रीनं पांढऱ्या कडा काढून टाका. आता चित्राच्या बाजूवर ॲक्रिलिक जेल मीडियमचा थर ब्रशनं द्या, सायीइतका, खालचं चित्र जेमतेम झाकलं जाईल एवढा. कमी पडला तर टोनर अर्धवट उचलला जातो. फार झाला तर वाळता वाळत नाही. जाड कागदावर किंवा गुळगुळीत लाकडावर हे चित्र पालथं ठेवा आणि जुन्या एटीएम कार्डाच्या कडेनं मध्यापासून बाहेर दाबत न्या. कडेनं पांढरं मीडियम बाहेर येईल, ते लगेच टिपा. हवेचा बुडबुडा राहिला तर तिथे उद्या भोक दिसणार, हे आजच समजा. मग रात्रभर हात लावू नका.

दुसऱ्या दिवशी ओल्या स्पंजनं कागदाची पाठ भिजवा. मिनिटभरात कागद करडा, अर्धपारदर्शक होतो आणि आतलं चित्र मागून दिसायला लागतं. आता तर्जनीच्या पेरानं गोल गोल चोळा. नख लावायचं नाही. कागदाच्या बारीक वळ्या सुटतात, त्या बाजूला सारा. पहिला थर पटकन जातो, कारण तो मीडियमपर्यंत पोचलेलाच नसतो. त्याखालचा थर चिवट असतो. त्याचे तंतू मीडियममध्ये अडकलेले असतात. इथे हात जड झाला की डोळा जातो, ओठ जातो, गालावर पांढरा डाग पडतो. म्हणून चेहऱ्यापाशी सगळ्यात शेवटी जावं, कडेच्या झाडापासून, भिंतीपासून सुरुवात करावी. हाताला खालच्या द्रव्याचा अंदाज आला की मग चेहरा.

चोळून झालं, चित्र स्वच्छ दिसलं, आपण खूश होतो. अर्ध्या तासानं बघतो तर सगळ्यावर पांढुरकी झाक आलेली. पहिल्यांदा करणारा इथेच हिरमुसतो. पण यात बिघडलेलं काही नाही. चित्रावर अजून सेल्युलोजचे तंतू शिल्लक आहेत. ओले असताना त्यांच्यामधल्या फटींत पाणी होतं; वाळल्यावर तिथे हवा आली. सेल्युलोजचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वाकतो याचा अंक, साधारण १.५, पाण्याचा १.३३, हवेचा १. दोन अंकांमधलं अंतर जितकं जास्त तितका प्रकाश विखुरतो आणि विखुरलेला प्रकाश आपल्याला पांढरा दिसतो. म्हणून पुन्हा थोडं भिजवून थोडं चोळायचं आणि अखेरीस मीडियमचा पातळ हात द्यायचा. ॲक्रिलिकचा अपवर्तनांक १.४९ च्या आसपास, सेल्युलोजच्या अगदी जवळ. ते फटींत शिरतं आणि झाक नाहीशी होते. काही जण जवसाच्या तेलाचा हात देतात, तत्त्व तेच. मला स्वतःला किंचित झाक ठेवलेली आवडते. कागद होता याची ती खूण असते.

ॲक्रिलिकऐवजी फेविकॉलसारखा पांढरा गोंद चालेल का, असं प्रत्येक वर्गात विचारलं जातं. काही प्रमाणात चालतो. पण तो पाणी लागलं की पुन्हा मऊ पडतो, दुधाळ होतो आणि चोळताना चित्रासकट सुटायला लागतो. ॲक्रिलिक एकदा वाळलं की पाण्याला दाद देत नाही. फरक किमतीचा वाटतो, तो खरं म्हणजे रसायनाचा आहे.

बाकीच्या पद्धती थोडक्यात. चिकटपट्टीची पद्धत मुलांना फार आवडते: रुंद पारदर्शक पट्टी झेरॉक्सवर किंवा मासिकातल्या चित्रावर घट्ट दाबायची, पाण्यात भिजवायची आणि कागद चोळून काढायचा. पट्टीवर पारदर्शक चित्र उरतं, ते वहीत कशावरही बसतं. ॲसिटोन किंवा थिनरची पद्धत झटपट आहे: टोनरची प्रत पालथी ठेवून पाठीवरून द्राव लावायचा आणि चमच्यानं घासायचं. टोनरचं प्लास्टिक विरघळून खालच्या कागदाला चिकटतं. खिडक्या सताड उघड्या हव्यात, जवळ निरांजन, उदबत्ती, गॅस काही नको. काही कलाकार याच कामाला विंटरग्रीनचं तेल वापरतात, आपल्याकडे ते गंधपुरा तेल म्हणून मिळतं. सांधेदुखीच्या बामांमधला तोच तो वास. वास ओळखीचा म्हणून गाफील राहू नका. त्यात मिथिल सॅलिसिलेट असतं आणि चमचाभर तेल लहान मुलाच्या पोटात गेलं तरी जिवावर बेतू शकतं. शाळेच्या वर्गात मी ते कधीच नेत नाही. इंकजेटची प्रत वापरायचीच असेल तर ती ओएचपीच्या प्लास्टिक फिल्मवर काढावी आणि मीडियम लावलेल्या कागदावर दाबावी. फिल्म शाई शोषत नाही, त्यामुळे ती पलीकडे जाते.

हे सगळं परकं वाटत असेल तर आपल्या घरातल्या भरतकामाकडे बघा. ट्रेसिंग पेपरवर नक्षी काढायची, रेघेवर सुईनं भोकं पाडायची, कागद कापडावर टाचून रॉकेलमध्ये कालवलेली नीळ बोळ्यानं फिरवायची. नक्षी साडीवर उतरते. मुघल दरबारातले चित्रकारही भोकं पाडलेल्या खाक्यावर कोळशाची पूड थापटून रेषा उतरवत आणि हरणाच्या पारदर्शक कातड्यावर चित्रं गिरवून घेत. तिथे मूळ खाका शाबूत राहतो, पुन्हा पुन्हा वापरला जातो. म्हणून आपल्या विषयाचा तो चुलत भाऊ म्हणावा लागेल.

सख्खा भाऊ मात्र महाराष्ट्रात आहे: शिळाप्रेस. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली शिळाछापावर पंचांग काढलं आणि पुढे शिळाप्रेसवरच्या पोथ्या घराघरांत गेल्या. दगडावरून छापायचं तर दगडावर अक्षर उलटं हवं. प्रत्येक लेखनिकाला मोडी किंवा बाळबोध उलटी लिहायला लावणं अवघड. त्यावर तोड शिळामुद्रणाचा जनक ॲलोइस सेनेफेल्डर यानंच काढून ठेवली होती. खळ दिलेल्या कागदावर स्निग्ध शाईनं सरळ लिहायचं, तो कागद दगडावर पालथा घालून दाबायचा. शाई दगडावर जाते आणि आपोआप उलटी होते. छापली की पुन्हा सरळ. १८१८ सालच्या आपल्या ग्रंथात सेनेफेल्डरनं या कागदावरून दगडावर नेण्याच्या युक्तीला आपल्या शोधाचा फार महत्त्वाचा भाग मानलं आहे. ज्या कागदावर लेखनिकानं लिहिलं तो पुढे उपयोगाचा उरत नसे.

पुण्यातल्या मंडळींना ‘फोटोझिंको’ हे नाव माहीत आहे. सरकारी छापखाना, नकाशे मिळण्याची जागा. त्या नावात काय दडलं आहे हे मात्र फार थोड्यांनी पाहिलं असेल. १८५९-६० च्या सुमारास इंग्लंडमध्ये साउथॅम्प्टनच्या ऑर्डनन्स सर्व्हेत सर हेन्री जेम्स यांच्या देखरेखीखाली फोटोझिंकोग्राफीची पद्धत बसवली गेली. नकाशाचा फोटो काचेच्या निगेटिव्हवर घ्यायचा. जिलेटिन आणि पोटॅशियम बायक्रोमेटचा लेप दिलेला कागद निगेटिव्हखाली उन्हात धरायचा. जिथे प्रकाश पोचला तिथलं जिलेटिन कडक होतं. मग सगळ्या कागदावर स्निग्ध शाई फासून तो कोमट पाण्यावर सोडायचा. मऊ जिलेटिन शाईसकट वाहून जातं, कडक रेषांवर शाई राहते. हा शाईचा नकाशा जस्ताच्या, म्हणजे झिंकच्या, पत्र्यावर पालथा दाबला की पत्रा छपाईला तयार. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निघालेल्या मुंबई सरकारच्या कितीतरी नकाशांच्या तळाशी बारीक अक्षरात पुण्याच्या फोटोझिंको ऑफिसचा उल्लेख सापडतो. आपल्या नद्या, घाट, तालुक्यांच्या हद्दी अशा ओल्या जिलेटिनच्या कागदावरून जस्तावर गेल्या आहेत. जर्नलमध्ये सिंहगडाचा नकाशा ट्रान्स्फर करणाऱ्या मुलीला हे कुणीतरी सांगायला हवं.

आता या माध्यमातल्या मला सगळ्यात मोठ्या वाटणाऱ्या कामाकडे येते. अमेरिकन चित्रकार रॉबर्ट राउशेनबर्ग यांनी १९५२ साली क्युबात असताना ट्रान्स्फरचे पहिले प्रयोग केले आणि १९५८ पासून ते त्यात गढून गेले. त्यांनी घेतलेलं काम धाडसाचं होतं: दान्तेच्या ‘इन्फर्नो’ या नरकयात्रेच्या काव्याचे ३४ सर्ग, प्रत्येकाला एक चित्र. १९६० च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या लिओ कॅस्टेली गॅलरीत ही चित्रं लागली. आज ती तिथल्याच म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहेत. प्रत्येक कागद जेमतेम ३७ गुणिले २९ सेंटिमीटरचा.

त्यांची कृती बघा. ‘लाइफ’, ‘टाइम’, ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ अशा साप्ताहिकांतली छायाचित्रं कापायची, सिगारेट लायटरमध्ये भरायच्या द्रवानं भिजवायची, कागदावर पालथी ठेवायची आणि संपलेल्या बॉलपेनच्या टोकानं पाठीवरून घासायचं. जिथे टोक फिरलं तिथेच शाई उतरते. त्यामुळे या चित्रांमध्ये प्रत्येक आकृती तिरप्या, शेजारी शेजारी पडलेल्या रेघांची बनलेली दिसते. एरवी रेघ आकृती काढते; इथे रेघेनं आकृती उघडी केली आहे. हात जिथे थांबला तिथे माणूस अर्धाच राहिला. वर जलरंग, गुवाश म्हणजे अपारदर्शक जलरंग, पेन्सिल. नरकात उतरणारा दान्ते कोण? खेळाच्या साप्ताहिकातल्या एका जाहिरातीतला, कमरेला टॉवेल गुंडाळलेला साधा माणूस. नरकातल्या गर्दीत राजकारणी, खेळाडू, पोलीस, त्या वर्षांतल्या अमेरिकेचा सगळा बाजार.

सहाशे वर्षांपूर्वीच्या काव्याला त्यांनी रद्दीत जाणारी चित्रं लावली. त्या साप्ताहिकांच्या लाखो प्रती निघत आणि आठवड्याभरात जुन्या होत. राउशेनबर्ग यांनी खर्ची घातलं ते भरमसाट असलेलं, कुणी जपून ठेवणार नव्हतं असं काही. त्यामुळेच त्या टॉवेलवाल्या माणसाकडे बघताना मन हलतं. जाहिरातीत तो लाखोंनी होता, इथे एकटा आहे, उलटा झालेला, अर्धवट पुसलेला, आणि नरकाच्या दारात उभा. झेरॉक्स चिकटवून हे साधलं नसतं. चिकटवलेलं कात्रण आपली कड घेऊन येतं, आपला कागद घेऊन येतं, आणि पाहुण्यासारखं वर बसून राहतं. ट्रान्स्फर झालेली शाई मात्र त्याच कागदात, त्याच जलरंगाशेजारी राहते. कोणती रेघ मासिकाची आणि कोणती हाताची हे शोधावं लागतं.

पुढे १९७४ मध्ये त्यांनी ‘होअरफ्रॉस्ट’ ही मालिका सुरू केली. शिळाप्रेसचे दगड पुसायच्या जाळीदार कापडावर उमटून राहिलेल्या पुसट आकृत्या त्यांच्या नजरेत भरल्या आणि त्यांनी रेशीम, शिफॉन, जाळीदार सुती कापडांवर वर्तमानपत्रं ट्रान्स्फर करायला घेतली. पुसणीच्या फडक्यावर जे बघायला कुणी थांबत नाही, ते बघायला हा माणूस थांबला.

विषयापासून थोडं बाजूला जाऊन सांगते. १९७५ साली राउशेनबर्ग अहमदाबादला आले, साराभाई कुटुंबाचे पाहुणे म्हणून. गांधी आश्रमाच्या हातकागद कारखान्यात त्यांनी काम केलं. तिथे कागदाचा लगदा, मेथीची पूड, चिंचोक्याचं पीठ, खडूची भुकटी, डिंक आणि मोरचूद यांचं मिश्रण करून त्यांनी मातीसारखं द्रव्य बनवलं आणि त्यातून शिल्पं केली. चिंचोक्याची खळ आपल्या आजीपणजीला ठाऊक होती. वस्तू कशानं चिकटते हे विचारत राहणारा कलावंत कुठेही गेला तरी तिथल्या स्वयंपाकघरापर्यंत पोचतो.

याच राउशेनबर्ग यांच्या एका कामावरून दुसरा प्रश्न उभा राहिला, अधिकाराचा. ‘होअरफ्रॉस्ट’ मालिकेतल्या ‘पुल’ या १९७४ च्या कापडावर मोठ्या आकारात सूर मारणारा माणूस आहे. ते छायाचित्र मॉर्टन बीब या छायाचित्रकाराचं. कॅमेऱ्याच्या जाहिरातीत छापून आलेलं. बीब यांनी ते ओळखलं, पत्र लिहिलं, समाधान झालं नाही तेव्हा दावा लावला, आणि १९८० साली तडजोड झाली. राउशेनबर्ग यांची बाजू मला कळते: कापडावर उतरलेली ती आकृती आता जाहिरात उरलेली नव्हती. तरीही माझं मत बीब यांच्या बाजूनं आहे. हवेत झेपावलेला तो देह नेमक्या क्षणी टिपणारी नजर बीब यांची होती. मासिकाची प्रत आपण विकत घेतो तेव्हा कागद आपला होतो. तो भिजवा, घासा, संपवा. त्यावरची नजर विकत घेतलेली नसते. खाजगी वहीत कुणाचंही चित्र उतरवा, त्यात कुणाचं काही जात नाही. ते प्रदर्शनात लावायचं, विकायचं, छापायचं ठरलं की विचारावं. निदान नाव तरी द्यावं. पुरात घरदार गेलेल्या बाईचा वर्तमानपत्रातला चेहरा पार्श्वभूमीसाठी छान म्हणून उतरवणं, हे तर मला मुळीच पटत नाही. जिचं आधीच सगळं गेलं आहे तिच्या चेहऱ्याला आपण रंगसंगतीत बसवायला निघालेलो असतो.

आणि घरचे फोटो. कार्यशाळेत माणसं पिशवीतून काढतात ते लग्नातले, कृष्णधवल, कडेला नागमोडी कातरलेले फोटो. आजोबांचा एकुलता एक फोटो टेबलावर ठेवून म्हणतात, हाच उतरवायचा आहे. मी तो फोटो आधी परत पाकिटात घालायला लावते. यात भावना आहेच, पण रसायनही आहे. जुन्या कृष्णधवल फोटोत चित्र बनलेलं असतं चांदीच्या कणांचं. ते कण जिलेटिनच्या थरात असतात आणि खाली बरायटा नावाच्या द्रव्याचा पांढरा थर. तिथे टोनर नाही, छपाईची शाई नाही. मीडियम लावून ते उचलून येत नाही, थिनरनं विरघळत नाही, आणि पाण्यानं जिलेटिन फुगून फोटो कायमचा बिघडतो. तेव्हा स्कॅन करा, लेझर प्रिंट काढा, एक सोडून चार काढा, आणि त्या खर्ची घाला. इथे माझ्याच म्हणण्याला मी मुरड घालते आहे असं कुणाला वाटेल. मला तसं वाटत नाही. चार प्रतींपैकी प्रत्येकीवर चेहरा वेगळा उतरतो. एकीत डोळे राहतात, एकीत फक्त पागोटं. त्यातली कोणती ठेवायची हे ठरवताना माणूस आपल्या आजोबांकडे आयुष्यात पहिल्यांदा इतका वेळ बघतो, हे मी कितीदा तरी पाहिलं आहे.

शेवटी टिकण्याबद्दल. वर्तमानपत्राचा कागद पिवळा पडतो, ठिसूळ होतो, कारण त्यात लाकडातलं लिग्निन असतं. काळ्या शाईत कार्बन असतो आणि कार्बन उडत नाही. म्हणजे वर्तमानपत्रातलं चित्र नीट ट्रान्स्फर केलं तर नासणारा बहुतेक भाग आपण चोळून काढून टाकलेला असतो आणि टिकणारा भाग ठेवलेला असतो. जोसेफ स्वान यांनी १८६४ साली कार्बन ट्रान्स्फरचं पेटंट घेतलं ते याच विचारानं: त्या काळचे फोटो फिके पडत होते, म्हणून काजळीमिश्रित जिलेटिनचं चित्र एका कागदावरून दुसऱ्यावर नेण्याची पद्धत त्यांनी बसवली. त्या पद्धतीची चित्रं दीडशे वर्षांनंतरही काळीभोर आहेत. रंगीत मासिकांच्या शाईचं मात्र तसं नसतं. उन्हात गुलाबी आणि पिवळा आधी जातात, निळसर सावली उरते. रबरी गोंदाची चिकटपट्टी काही वर्षांत पिवळी पडून पाझरते. जपायचं असेल त्या कामात ती नको. खालचा कागद आम्लरहित घ्या. वहीत दोन ॲक्रिलिक पानं समोरासमोर आली तर उन्हाळ्यात एकमेकांना चिकटतात. मध्ये बटरपेपर घालावा.

आणि प्रत्येक कामाच्या मागे मऊ पेन्सिलीनं लिहून ठेवा: चित्र कुठून घेतलं, कुणी काढलेलं, कोणत्या कागदावरून कशानं उतरवलं, कोणत्या तारखेला. पन्नास वर्षांनी कुणी त्याची डागडुजी करायला बसलं, तर पाणी लावायचं की नाही हे त्याला त्या चार ओळींवरूनच कळणार आहे.

शेजारच्या खोलीत टेबलं मांडली आहेत. लेझर प्रिंट, मीडियम, जुनी कार्डं, स्पंज आणि पाण्याची भांडी ठेवली आहेत. रात्रभर वाळवलेले काही नमुने कालच तयार करून ठेवले आहेत, त्यांचा कागद चोळून काढायचं काम बाकी आहे. ज्यांना वेळ असेल त्यांनी बाह्या वर करून यावं. चेहऱ्यापाशी शेवटी जा.